सातबाऱ्यावर नाव नव्हते, शेअरवर तरी असणार का? जोखमीच्या भांडवलाचा इतिहास आणि चंद्रपूर-गडचिरोली

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी चांद्याला लाखो लोकांना दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, चर्चा रंगतात. अशाच एका चर्चेत इंजिनिअरिंग झालेल्या एका तरुणाने आम्हाला विचारले, "बांबूपासून कोळशाच्या जागी वापरता येईल असे इंधन करायचे आहे. व्हेंचर कॅपिटल कुठून मिळेल?" शेजारी उभ्या एका जुन्या कार्यकर्त्याने लगेच सुनावले, "दीक्षाभूमीवर भांडवलदारांची नावे कशाला घेतोस?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि राग पण प्रामाणिक होता. त्या दिवशी आम्ही दोघांनाही नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

आधी शब्दाचा अर्थ समजून घेऊ. बँक कर्ज देते तेव्हा तारण मागते. ज्याच्याकडे घर, शेत, सोने आहे त्यालाच पैसा मिळतो. व्हेंचर कॅपिटल म्हणजे जोखमीचे भांडवल. हा पैसा देणारा तारण मागत नाही, तो कंपनीत हिस्सा मागतो. कंपनी बुडाली तर त्याचा पैसा बुडतो. कंपनी वर गेली तर त्याच्या हिश्शाची किंमत शंभर पट होते. दहा कंपन्यांपैकी सात-आठ बुडणार हे धरूनच तो चालतो, उरलेल्या एक-दोन कंपन्या सगळे भरून काढतील या हिशेबाने.

कागदावर ही व्यवस्था आमच्या लोकांसाठीच केली असावी असे वाटते. ज्यांच्याकडे तारण नाही, फक्त बुद्धी आणि मेहनत आहे, त्यांना पैसा! मग प्रत्यक्षात आमच्या लोकांपर्यंत हा पैसा का पोचला नाही?

तारण न मागणारा पैसा जात मागतो

याचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. बडोद्याची नोकरी जातीच्या छळामुळे सोडून ते मुंबईला परतले. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस. पोट भरण्यासाठी शिकवण्या केल्या आणि शेअरबाजारात गुंतवणूक करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. आजच्या भाषेत सांगायचे तर ते बाबासाहेबांचे स्टार्टअप होते. ज्ञानाची कमतरता नव्हती, गिऱ्हाईकही येऊ लागले होते. पण सल्लागार महार आहे हे कळताच गिऱ्हाईक बंद झाले आणि व्यवसाय बुडाला.

मित्रहो, या प्रसंगाकडे केवळ अपमानाची गोष्ट म्हणून पाहू नका, तो अर्थशास्त्राचा धडाही आहे. जिथे तारण नसते तिथे विश्वास हेच तारण असते आणि या देशात विश्वास जातीच्या नात्यागोत्यातून वाहतो. २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातल्या आघाडीच्या १००० कंपन्यांच्या संचालक मंडळांतील नावे संशोधकांनी तपासली. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक तथाकथित उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून ३.५ टक्के. ज्या वर्तुळातून जोखमीचा पैसा येतो ते वर्तुळ हे असे आहे.

त्याच काळात, १९१८ साली, बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान आहे म्हणून शेतकरी गरीब आहे, असे त्या वेळचे पंडित सांगत होते. बाबासाहेबांनी म्हटले की प्रश्न नुसत्या आकाराचा नाही. जमिनीला पुरेसे भांडवल आणि अवजारे मिळत नाहीत, आणि शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, हा खरा प्रश्न आहे. त्यावर उपाय औद्योगिकीकरण. म्हणजे भांडवलाला हात लावू नये असे बाबासाहेब कधीच म्हणाले नाहीत. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. भांडवल हवे, भांडवलशाही नको. आमच्या जुन्या कार्यकर्त्याने आणि त्या तरुणाने, दोघांनीही हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

चांद्याच्या जंगलात जोखीम कुणी घेतली?

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. १९८२ पर्यंत गडचिरोली हा चांदा जिल्ह्याचाच भाग होता. या मुलखात मोठा पैसा पहिल्यांदा आला तो कोळशासाठी. एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला इंग्रज सरकारने खाण काढली आणि तिच्यासाठी रेल्वे आणली. ते भांडवल सरकारी होते. खाणीत उतरणारे मजूर आमचे होते.

त्यानंतर कागद. १९४५ साली थापर समूहाची बल्लारपूरची पेपर मिल स्थापन झाली. तिचा कच्चा माल म्हणजे चांद्याच्या जंगलातला बांबू. सरकारने ठरवलेल्या दराने आणि लांब मुदतीच्या करारांनी हा बांबू गिरणीला मिळत राहिला. आणि त्याच जंगलाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या सुपे, टोपल्या, तट्टे विणणारा बुरूड समाज, जो महाराष्ट्रात अनुसूचित जातीत आहे, तो मात्र वनविभागाच्या कार्डावर ठरावीक बांबू मिळावा म्हणून डेपोवर ताटकळत राहिला. बांबू तोच होता. गिरणीने नेला तर तो उद्योगाचा कच्चा माल, आणि आदिवासीने किंवा बुरुडाने परवानगीशिवाय तोडला तर वनगुन्हा!

पुढे वीज आली. १९८३ पासून चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. वीज राज्यभर जाते, राख आणि धूर इथे राहतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे आले.

भद्रावती तालुक्यात १९९० च्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी शेतकऱ्यांची हजारो एकर जमीन घेतली गेली. प्रकल्प उभाच राहिला नाही. गुंतवणूकदाराचे प्रकल्पाचे स्वप्न मोडले, पण शेतकऱ्याची जमीन गेली ती गेलीच. बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कंपनीसुद्धा २०२० साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी अशी अडचणीत येते तेव्हा भागधारकाचे शेअर बुडतात, कामगाराचे काम बुडते. फरक एवढाच की भागधारकाने नफ्याच्या वर्षांत नफा खाल्लेला असतो. कामगाराला नफ्याच्या वर्षांतही पगारच मिळालेला असतो.

या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट दिसते. "आम्ही जोखीम घेतो म्हणून नफा आमचा," असे भांडवल सांगते. पण चांद्याच्या जंगलात जमिनीची, पाण्याची, फुप्फुसांची जोखीम इथल्या आदिवासींनी, दलितांनी आणि बहुजनांनी घेतली. जोखीम घेणाऱ्यांना हिस्सा कधीच मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला मजुरी आली आणि कधी मोबदला.

अमेरिकेत व्हेंचर कॅपिटलचा इतिहास सांगणारे तो देवमाशांच्या शिकारीपासून सुरू करतात. एकोणिसाव्या शतकात घरोघरचे दिवे देवमाशाच्या तेलावर जळत. जहाज दोन-तीन वर्षे समुद्रात जाई. परत येईल की नाही ठाऊक नसे. म्हणून अनेक धनिक मिळून पैसा घालत आणि नफा वाटून घेत. खलाशांनाही ठरलेला पगार नसे, मालाच्या विक्रीत हिस्सा असे. हिस्सा अगदी लहान होता, त्यातही भरपूर लूट होती, हे खरे. पण जो जीव धोक्यात घालतो त्याचा मालात वाटा असतो, हे तत्त्व तरी तिथे मान्य होते. आमच्या बांबू तोडणाऱ्याच्या बाबतीत तेवढेसुद्धा कुणी मान्य केले नव्हते.

२०११ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

संस्थात्मक रूपात व्हेंचर कॅपिटल दुसऱ्या महायुद्धानंतर उभे राहिले. १९४६ साली बोस्टनमध्ये जॉर्ज डोरिओ यांनी अशी कंपनी काढली. १९५७ साली तिने एका नव्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि त्याचे पुढे कोट्यवधी डॉलर झाले. तेव्हापासून संगणक आणि सॉफ्टवेअर हे या पैशाचे आवडते क्षेत्र बनले. भारत सरकारने १९८८ साली व्हेंचर कॅपिटलसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि १९९६ साली सेबीने नियम केले. इथेही पैसा बंगळूर-मुंबईच्या सॉफ्टवेअरकडेच वळला.

२००६ नंतर हा पैसा सौर ऊर्जा, जैवइंधन, बॅटरी अशा स्वच्छ तंत्रज्ञानाकडे धावला. एमआयटीच्या संशोधकांनी २०१६ साली त्याचा हिशेब मांडला. २००६ ते २०११ या काळात व्हेंचर कॅपिटलने या क्षेत्रात २५ अब्ज डॉलरहून जास्त पैसा ओतला आणि त्यातला निम्म्याहून अधिक बुडाला. कारण सरळ होते. व्हेंचर फंडाचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे असते. फंड चालवणारा दरवर्षी सुमारे दोन टक्के शुल्क आणि नफ्यातला सुमारे वीस टक्के वाटा घेतो. त्याला चार-पाच वर्षांत कंपनी विकून बाहेर पडायचे असते. सॉफ्टवेअरमध्ये ते जमते. पण नवे सौर पॅनल किंवा नवे इंधन प्रयोगशाळेतून कारखान्यात न्यायला जास्त वर्षे लागतात, प्रचंड यंत्रे लागतात, आणि शेवटी ग्राहक म्हणतो की वीज ती वीजच, स्वस्त द्या.

सोलिंड्रा ही कॅलिफोर्नियाची सौर कंपनी याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. सप्टेंबर २०११ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या कर्जाला अमेरिकी सरकारची ५३.५ कोटी डॉलरची हमी होती. म्हणजे धाडसी म्हणवणाऱ्या खासगी भांडवलाच्या पाठीशीही जनतेचा पैसा होता आणि तोही बुडाला.

आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. २७ एप्रिल २०११. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही या गावाची घोषणा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. २००९ साली तो हक्क मिळाला. पण वनविभाग बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. बांबू गवत की झाड, असा वाद सरकारी कार्यालयांत चालला होता, जरी वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले होते. अखेर त्या दिवशी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याची पुस्तिकाच ग्रामसभेच्या हाती दिली. गाव आपला बांबू आपण ठरवलेल्या भावाने विकू लागले.

पुढच्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिंपरी तालुक्यातील पाचगावला सुमारे १००६ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पाचगावने बांबूचा लिलाव स्वतः केला. शिवाय तेंदूपत्ता तोडायचा नाही असा ठराव घेतला, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात. येणारा पैसा सोडून जंगल राखण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना कुणी 'क्लीनटेक' म्हटले नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे जगातले सर्वांत हुशार समजले जाणारे भांडवल घाईपोटी अब्जावधी डॉलर बुडवत होते. त्याच वर्षी दुसरीकडे, बँक जिथे फिरकत नाही अशा गावात, ग्रामसभा नावाची संस्था मालक म्हणून उभी राहत होती. कंपनीत कुणाचा किती हिस्सा हे शेअरचा तक्ता सांगतो. मेंढ्याचा तक्ता एका ओळीचा आहे : शंभर टक्के गावाचा.

आमच्या नावाचा फंड

१६ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने अनुसूचित जातींसाठी व्हेंचर कॅपिटल फंड सुरू केला. सामाजिक न्याय मंत्रालयाचे २०० कोटी आणि आयएफसीआयचे ५० कोटी अशी त्याची सुरुवात. अनुसूचित जातीच्या उद्योजकाच्या कंपनीला त्यातून १५ कोटींपर्यंत मदत मिळू शकते. ३० सप्टेंबर २०२० रोजी त्याच फंडाखाली 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' आले. महाविद्यालयांच्या इन्क्युबेशन केंद्रांतील आमच्या तरुणांच्या १००० कल्पनांना तीन वर्षांत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत भागभांडवल, असा त्याचा संकल्प. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत. त्यामुळे हे दार आमच्यासाठी उघडे आहे, ही माहिती प्रत्येक वसतिगृहात पोचली पाहिजे.

हा फंड घ्यावा का? आम्ही म्हणतो, जरूर घ्यावा. ती भीक नाही, जनतेच्या पैशातला आमचा वाटा आहे. पण डोळे उघडे ठेवून घ्यावा. देशातला एकेक खासगी प्रकल्प हजारो कोटींचा असतो आणि संपूर्ण देशातल्या अनुसूचित जातींसाठी सुरुवातीचा फंड २५० कोटींचा, हे प्रमाण विसरू नका. मदत नेहमी भागभांडवल म्हणूनच येते असेही नाही. ती रोख्यांच्या रूपानेही येते आणि रोखे म्हणजे परतफेड आलीच.

दुसरा धोका अधिक मोठा आहे. चार दलित तरुण कोट्यधीश झाले की प्रश्न सुटला, असे सांगणारे लोक आपल्यातही तयार झाले आहेत. ज्या गावाचा बांबू, ज्या गावाच्या राइस मिलचे तूस, त्या गावाला हिस्सा न देता आमच्याच मुलाने कंपनी काढली, तर बल्लारपूरच्या गिरणीत आणि त्याच्यात फरक काय राहिला? फोटोत बाबासाहेब असतील, एवढाच.

बिहारमध्ये हस्क पॉवर नावाच्या कंपनीने २००८ च्या सुमारास धानाच्या तुसापासून गावांना वीज द्यायला सुरुवात केली. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी पैसा दिला, जगभर कौतुक झाले. पुढे कंपनी सौर ऊर्जेकडे वळली. आपल्या पूर्व विदर्भातही धान आहे, तूस आहे, म्हणून ही कथा इथल्या तरुणांना भुरळ घालते. तिच्यातून एक धडा घ्या. आज फुकट पडलेल्या तुसाला कारखाना लागताच भाव येतो. तो भाव कुणाच्या खिशात जाणार हे कंपनी काढण्याआधी ठरवावे लागते.

मग आमचे म्हणणे काय?

१९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, जातपात न पाहता गावकऱ्यांना ती सामूहिक कसण्यासाठी द्यावी आणि लागणारे भांडवल राज्याने पुरवावे, असे मांडले. त्याआधी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना विजेच्या नियोजनाची पायाभरणी त्यांनी केली. स्वस्त आणि भरपूर वीज नसेल तर उद्योग नाहीत आणि उद्योग नसतील तर गरिबाची सुटका नाही, हे त्यांचे सूत्र होते. संथ वाढणाऱ्या, समाजाला गरजेच्या गोष्टींसाठी सावकाश परत मागणारा सार्वजनिक पैसा लागतो, हे एमआयटीने २०१६ साली आकडे मांडून दाखवले. बाबासाहेबांनी ती दिशा १९४७ साली सांगितली होती.

म्हणून कुठलाही 'हरित' प्रकल्प दारात आला की तीन प्रश्न विचारा.

पहिला, हिस्सा कुणाचा? नोकऱ्या किती हा दुय्यम प्रश्न आहे. जंगल, पाणी आणि जमीन देणाऱ्या ग्रामसभेचे नाव भागधारकांच्या यादीत आहे का? कोनसरीच्या पोलाद प्रकल्पातील कामगारांना १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कंपनीचे शेअर देण्यात आले. शेअर देता येतात, हे त्यातून सिद्ध झाले. मग जिच्या जंगलात खाण आहे त्या ग्रामसभेला का नाही?

दुसरा, स्वच्छ म्हणजे कुणासाठी स्वच्छ? डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने भद्रावतीच्या सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली. कंपनीच्या नावात 'क्लीनटेक' आहे आणि काम कोळशापासून वायू तयार करण्याचे. नाव वाचून थांबू नका, राख आणि पाणी कुठे जाणार ते विचारा.

तिसरा, बुडाले तर कुणाचे बुडणार? निप्पॉन डेन्रोची आठवण ठेवा. प्रकल्प झाला नाही तर जमीन परत, ही अट करारातच हवी.

आणि एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या, म्हणजे जंगलात राहणाऱ्या आमच्या बौद्ध आणि दलित कुटुंबांना, तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, ज्यांच्या नावाचा कागदच कुणी केला नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांचे अपुरे काम इथे आहे. सामूहिक हक्काच्या लढ्यात आदिवासी आणि दलित एका ग्रामसभेत बसले, तरच हिश्शाची मागणी टिकेल.

त्या तरुणाला आता आमचे उत्तर असे आहे : कर बाबा, बांबूचे इंधन जरूर कर. आमच्या फंडाचा अर्जही भर. पण आधी त्या गावच्या ग्रामसभेत जा. बांबूचा भाव ठरव, ग्रामसभेचा हिस्सा लिहून दे, आणि दहा वर्षांत कंपनी विकून पळायला लावणारा पैसा घेऊ नकोस. आणि जुन्या कार्यकर्त्याला आमची विनंती : दादा, तुम्ही आमच्या पिढीला सातबारा वाचायला शिकवलात, म्हणून आम्ही जमिनीसाठी भांडू शकलो. आता शेअरचा तक्ता वाचायला आपण दोघे मिळून शिकू. कारण पुढच्या शतकाचा सातबारा त्यावर लिहिला जातो आहे, आणि तलाठी अजून तेच आहेत.

जय भीम! जय सेवा!